जुन्या बाइकची बॅटरी सारखी उतरते? नवी घेण्याआधी या चुका टाळा

एका पावसाळ्यात मी दोन बॅटऱ्या बदलल्या. जांबोटी ते बेळगाव रोजचं येणं-जाणं. हॉर्न घोगरा झाला होता, इंडिकेटर लुकलुकायचा बंद होऊन नुसता मंद पेटून राहायचा. दुसरी बॅटरीही महिन्यात बसली तेव्हा शहापुरातल्या मिस्त्रीमामांकडे गेलो. त्यांनी बॅटरीकडे बघितलंही नाही. साइड कव्हर काढून आरआर युनिटचं (रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे बॅटरीला जाणारी वीज आवरून धरणारा डबा) कपलर, म्हणजे वायरींचा जोड, ओढलं. आत एक पिन जळून काळी पडलेली, बाकीच्यांवर हिरवा गंज.

"बॅटरीचं काय चुकलंय? तिला खायलाच मिळंना की!" मामा म्हणाले.

तेव्हापासून माझा नियम एकच: मीटर लावल्याशिवाय पार्ट घ्यायचा नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगल्या बॅटरीवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसतात. १२.२ म्हणजे निम्मी उतरली. आता गाडी चालू करून रेस द्या. आकडा चढत साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान थांबला तर चार्जिंग ठीक आहे. जागचा हललाच नाही तर चार्ज पोचत नाही. १५ च्या वर गेला तर आरआर युनिटमधला रेग्युलेटर गेला, तो बॅटरी उकळवून मारणार. फक्त आयडलिंगवर आकडा बघून निकाल देऊ नका, जुन्या लहान गाड्या तेवढ्यात फार कमी चार्ज करतात. आणि बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर आधी बाहेरून चार्ज करून घ्या, नाहीतर मीटरवरचे आकडे फसवतात.

सगळ्यात जास्त फसगत होते ती "किकला सुरू होते, हेडलाइटही झक्क आहे, म्हणजे चार्जिंग बरोबर" या समजुतीने. जुन्या स्प्लेंडरसारख्या गाडीत ठिणगीची वीज थेट मॅग्नेटच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणारा भाग) कॉइलकडून येते आणि हेडलाइटही मॅग्नेटच्याच एसी करंटवर चालतो. बॅटरीवर असतात हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट. म्हणून बॅटरी मेली तरी गाडी पळते. चार्जिंगची खबर हॉर्नकडून घ्या, हेडलाइटकडून नको.

याच कारणाने चालू गाडीत बॅटरीची वायर काढून "बंद पडते का बघू" ही परीक्षा निरर्थक आहे. अशी गाडी बंद पडणारच नाही. उलट व्होल्टेज उसळून बल्ब, फ्लॅशर किंवा आरआर युनिट जाईल. हेडलाइट लावलेला असताना आरआर युनिटचं कपलर काढणंही तितकंच वाईट. त्या गाड्यांत हेडलाइटचं व्होल्टेज तेच युनिट आवरून धरतं.

मग दोष शोधायचा कुठे? आधी कपलर आणि अर्थ (बॉडीला जोडलेली मायनस वायर). खानापूर, कणकुंबीकडचा पाऊस आणि तांबडा चिखल दोन्ही तिथेच घुसतात, वर सर्व्हिसिंगला प्रेशरने पाणी मारतात. चालू गाडीत रेस धरून मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी आरआर युनिटच्या लाल वायरीवर ठेवा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वाटेत वीज अडते आहे. तसंच बॅटरी मायनस ते युनिटची अर्थ वायर बघा. चेसिसवर रंगावरून बोल्ट आवळलेला असेल तर रंग खरवडून काढा. जळलेली पिन घासून वापरू नका, नवी पिन क्रिम्प करा, म्हणजे वायरीवर दाबून पक्की बसवा. वायर पिळून टेप गुंडाळली तर पुढच्या पावसात तीच कटकट परत.

वायरिंग स्वच्छ निघालं तरच मॅग्नेटकडे वळा. तीन सारख्या पिवळ्या वायरींची गाडी असेल तर कपलर काढून, मीटर एसी व्होल्टवर ठेवून दोन-दोन वायरींत मोजा. तिन्ही आकडे जवळपास सारखे आणि रेसबरोबर चढणारे हवेत. गाडी बंद करून यातल्या कुठल्याही वायरीची बॉडीशी कंटिन्युइटी आली (म्हणजे वीज आरपार जाते असं मीटरने दाखवलं) तर कॉइल गेली. पण हाच नियम स्प्लेंडरला लावून चांगली कॉइल टाकून देणारे मी पाहिलेत. तिथे कॉइलचं एक टोक मुळातच बॉडीला जोडलेलं असतं.

आणि सगळं बरोबर असून गाडी दोन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते? मग कुठेतरी करंट झिरपतोय. चावी बंद करून मायनस वायर काढा आणि मीटर मिलीअँपवर ठेवून वायर व टर्मिनलच्या मध्ये लावा. हा मीटर प्लस-मायनसवर आडवा लावायचा नाही आणि लावलेला असताना चावी फिरवायची नाही, मीटरचा फ्यूज लगेच उडतो. घड्याळ नसलेल्या जुन्या गाडीत आकडा शून्याजवळ हवा. नसेल तर आधी नंतर बसवलेला हॉर्न, एलईडी लाइट सोडवून बघा, मग आरआर युनिटचं कपलर काढा. त्या क्षणी आकडा शून्यावर आला तर युनिटच्या आतला डायोडच (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) चोर आहे.