समूह प्रदर्शनात चित्रं लावताय? या चुका टाळा

समूह प्रदर्शनात भिंत एकट्याची नसते. आपली फ्रेम सांगितल्यापेक्षा मोठी निघाली की शेजारच्याचं चित्र सरकतं, आपलं तिरकं लटकलं की अख्खी रांग वाकडी दिसते. उद्घाटनाच्या आदल्या रात्रीची धावपळ बहुतेक वेळा मापांची आणि चित्राच्या मागच्या बाजूची असते.

फॉर्मवर चित्राचं माप, हातात फ्रेम

कागद 18 × 24 इंच म्हणून तेवढंच लिहिलं जातं. पण चारही बाजूंना 3 इंच माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची पट्टी) आणि 1 इंच फ्रेम धरली की तेच काम 26 × 32 होतं. मांडणी करणारे फॉर्मवरच्या आकड्यांवरूनच भिंत आखतात. त्यामुळे माप बाहेरचं द्या, आणि आधी उंची की आधी रुंदी हे शब्दांत लिहा.

समजा, 8 फूट भिंत मिळाली, म्हणजे 96 इंच. 24 इंच रुंदीच्या तीन फ्रेम लावल्या की 24 इंच उरतात. मधल्या दोन जागांना 8-8 आणि दोन्ही टोकांना 4-4 इंच सोडा. शेजाऱ्यानेही टोकाला 4 सोडले की सगळीकडे 8 चंच अंतर राहतं. ‘बसतंय की’ म्हणून चौथं चित्र घुसवलं, तर दोन फ्रेमच्या मध्ये बोटही जाणार नाही.

खिळा अंदाजाने ठोकणं

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. चित्रांचा मध्य जमिनीपासून साधारण 57 ते 60 इंचांवर धरतात. नेमका आकडा आयोजकांना विचारा. मध्य 58 धरला आणि फ्रेम 36 इंच उंच असेल, तर निम्मी उंची 18. आता फ्रेमच्या मागची टांगायची तार बोटाने वर ताणा आणि फ्रेमच्या वरच्या कडेपासून ती किती खाली येते ते मोजा. समजा 7 इंच. मग 58 + 18 − 7 = 69. हुक जमिनीपासून 69 इंचांवर. तार न ताणता मोजलं की चित्र ठरल्यापेक्षा खाली बसतं, आणि मग भिंतीला दुसरं भोक.

डी-रिंग, म्हणजे तार बांधायच्या मागच्या कड्या, वरून पाव ते एक तृतीयांश उंचीवर लावा. 36 इंचांच्या फ्रेमला 9 ते 12 इंच. फार खाली लावल्या तर चित्र पुढे झुकतं. मोठ्या चित्राला एकाऐवजी दोन हुक द्या, म्हणजे दार आपटलं तरी ते कलत नाही. खालच्या दोन्ही कोपऱ्यांना फेल्टच्या टिकल्या चिकटवा. गॅलरीत वरून दोऱ्या सोडणारी रेल असेल तर तार बहुधा लागतच नाही आणि डी-रिंग आणखी वर लागतात. हे आधीच विचारून ठेवा.

थेट बबल रॅप

ॲक्रिलिक रंगाचा थर उन्हात, बंद गाडीत मऊ होतो आणि बुडबुड्यांचे गोल ठसे कायमचे उमटतात. आधी ग्लासीन (गुळगुळीत, सहसा न चिकटणारा पातळ कागद), मग बबल रॅप, बुडबुडे बाहेरच्या बाजूला. टेपचं टोक दुमडून ठेवा; उघडणाऱ्याने घाईत ब्लेड चालवलं की कॅन्व्हासच फाटतो. तैलरंगाचा जाड थर वरून सुका लागला तरी आत महिनोन् महिने ओला असू शकतो. असं काम या खेपेला घरीच राहू द्या.

पेस्टल किंवा चारकोलच्या चित्रावर काचेऐवजी ॲक्रिलिक शीट (पारदर्शक प्लास्टिक) लावू नका. तिच्या स्थिर विजेने भुकटी ओढली जाते. तिथे काचच बरी, आणि कागद व काच यांच्यामध्ये माउंटची फट हवीच.

कमिशनचं चुकीचं गणित

समजा, हातात 6,000 रुपये हवेत आणि गॅलरीचं कमिशन 40 टक्के आहे. बरेच जण 6,000 मध्ये 40 टक्के मिळवून किंमत 8,400 लावतात. पण कमिशन विक्रीच्या किमतीवर कापलं जातं: 3,360 गेले, उरले 5,040. इथे 6,000 ला 0.60 ने भागायचं. किंमत 10,000. तेच चित्र दुसरीकडे स्वस्तात देऊ नका. समूहात सगळे एकमेकांचे भाव जाणून असतात.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींपैकी एकच सांगतो: प्रत्येक चित्रामागे नाव, शीर्षक, माध्यम, माप, वर्ष आणि ‘वर’ असा बाण. अमूर्त चित्र उलटं लागलं, तर दोष बाण न काढणाऱ्याचा. आणि सोपवण्याआधी चारही कोपऱ्यांचे फोटो घ्या, कारण परत आलेल्या फ्रेमवरचा टवका नवा की जुना, हा वाद फोटोशिवाय मिटत नाही.