सर्वांनी मिळून चालवायची बैठक: विषय कसा ठरवावा?

वक्ते नाहीत, अध्यक्ष नाहीत, छापील कार्यक्रमपत्रिका नाही. जमलेल्यांनीच आपापले मुद्दे कागदावर लिहून भिंतीवर लावायचे आणि गट करून बोलायला बसायचं. हॅरिसन ओवेन यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू केलेली ही ‘ओपन स्पेस’ पद्धत. यात आयोजकाने आधी ठरवायची मोठी गोष्ट एकच, मुख्य विषय. तो फसला तर भिंत कोरी राहते.

आधी कान द्या. ग्रामसभा सुटल्यावर लोक बाहेर उभे राहून काय बोलतात ते ऐका. देवगड-राजापूरकडच्या आंबा बागायतदाराला नुसतं ‘यंदा काय?’ विचारलंत तरी माकडं, थ्रिप्स (मोहोरावरची बारीक कीड), बाग राखणाऱ्या गुरख्यांचा पगार, सगळं निघेल. त्यांचेच शब्द टिपून ठेवा.

मग आवाका ठरवा. खरी मेख इथेच आहे. ‘कोकणचा विकास’ म्हटलं की सगळे माना डोलावतात, चिठ्ठी कोणी लिहीत नाही. ‘सौरकुंपण घ्यावं का?’ हा प्रश्न अर्ध्या तासात संपतो. ‘माकडांपासून बागा वाचवायला पुढच्या मोहोरापर्यंत आपण काय करू शकतो?’ असं विचारा. कोणी कुंपणाचा खर्च लिहील, कोणी वाडीने पाळीपाळीने राखण करायचं सुचवील, कोणी नुकसानभरपाईच्या पंचनाम्यावर अडेल. एका प्रश्नातून अशा पाच-सहा वेगवेगळ्या चिठ्ठ्या सुचत असतील तर आवाका बरोबर आहे.

उत्तर तुमच्या खिशात तयार असेल आणि फक्त मंजुरी हवी असेल, तर सरळ नेहमीची सभा घ्या. लोकांना हे लगेच कळतं.

शब्दांत आरोप नको. ‘पर्ससीनवाल्यांना आवर कसा घालायचा?’ (पर्ससीन म्हणजे माशांच्या थव्याला घेरणारं मोठं जाळं) असं लिहिलंत की ते येणारच नाहीत, आणि येतील ते भांडायला. ‘आपल्या बंदरावरची मासळी टिकवायला काय करता येईल?’ या प्रश्नावर पर्ससीनवाले आणि पारंपरिक मच्छीमार, दोन्ही बाजू बसू शकतात. ही बैठक जून-जुलैच्या मासेमारी बंदीत ठेवा, होड्या वर ओढलेल्या असतात. आंबेवाल्यांना मात्र एप्रिल-मेमध्ये बोलावू नका.

शेवटी तपासून पाहा. ठरलेली ओळ वेगवेगळ्या वाडीतल्या तिघांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, काही समजावू नका. फक्त विचारा, ‘यावर तू कोणती चिठ्ठी लावशील?’ उत्तराऐवजी दोघांकडून नुसता अंगठा आला, तर ओळ बदला.