गाडीची काच धुणाऱ्या वॉशरची मोटर वाजते, पण काचेवर पाणी येत नाही

टाकी भरलेली, मोटरचा आवाजही येत होता. म्हणजे फ्यूज ठीक. नोझलखालची (काचेवर पाणी फवारणाऱ्या तोंडाखालची) रबरी नळी काढून वॉशर चालवला तर जोरदार धार आली. अडथळा नोझलमध्येच होता. (नळीतूनही पाणी आलं नसतं, तर पंपाची जाळी गाळाने बुजलेली किंवा नळी मध्येच निसटलेली असते.) भोकातले क्षार बारीक सुईने हलक्या हाताने काढले, जोर केला की धारेची दिशा बिघडते.

हे क्षार कठीण (हार्ड) पाण्याचे, म्हणून आता डिस्टिल्ड पाणी आणि बाटलीवरच्या प्रमाणात वॉशरचं द्रावण. भांड्यांचा साबण नको, काचेवर पट्टे उठतात. इंजिन थंड ठेवणारं कूलंट तर मुळीच नाही! शून्याखाली तापमान जात असेल तर न गोठणारं द्रावणच भरावं. टाकी रिकामी असताना बटण दाबून धरू नये, कोरडा पंप लवकर जळतो.