विद्यार्थ्यांच्या थ्रिलरमधलं मीझाँसेन कसं तपासायचं

विद्यार्थ्यांची थ्रिलर फिल्म बघून मीझाँसेनवर, म्हणजे फ्रेममध्ये दिसणाऱ्या सगळ्या मांडणीवर, लिहा म्हटलं की बहुतेक जण यादी करतात. अंधारी खोली, चाकू, काळी हूडी, लाल रंग, संपलं. पण ही फक्त नोंद झाली, मूल्यमापन नाही झालं. खरा प्रश्न एकच आहे, फ्रेममधली ही गोष्ट कोणीतरी मुद्दाम ठेवलीये का ती आधीच तिथे होती, आणि तिच्यामुळे माझी भीती वाढली का.

मीझाँसेन हा शब्द फ्रेंच नाटकातून आलाय, अर्थ साधारण 'रंगमंचावर मांडणं'. म्हणजे जागा, वस्तू, कपडे-मेकअप, प्रकाश, आणि माणसं कुठे उभी आहेत, कशी हलतात. एडिटिंग आणि साउंड यात येत नाही, आणि इथेच सगळे फसतात, कारण भीती बऱ्याचदा म्युझिकने वाटलेली असते आणि श्रेय दिलं जातं लायटिंगला.

म्हणून मी फिल्म पहिल्यांदा सरळ बघतो, मध्ये न थांबता, फक्त कुठे पोटात गोळा आला तेवढं लिहून ठेवतो. दुसऱ्यांदा म्यूट करून. आवाज बंद केल्यावरही ताण टिकला तर समजायचं की चित्रात काहीतरी दम आहे. मग तीन फ्रेम पॉज करायच्या, एक सुरुवातीची, एक ताण चढतो तिथली, एक शेवटची, आणि प्रत्येक फ्रेमचे चारही कोपरे नीट बघायचे, कारण मुलं मधल्या माणसाकडे बघत शूट करतात आणि कोपऱ्यात चार्जर लटकत राहतो.

लायटिंगवर जास्त वेळ द्या. अंधार म्हणजे थ्रिलर असा समज असतो, त्यामुळे लाइट बंद करून शूट करतात, मग कॅमेरा आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवतो आणि सगळीकडे दाणे दिसतात, चेहराच कळत नाही. लो-की लायटिंग म्हणजे प्रकाश नसणं नव्हे, प्रकाश एका बाजूने येऊ देणं आणि दुसरी बाजू सावलीत ठेवणं. साधा टेबल लॅम्प बाजूला ठेवून अर्धा चेहरा उजळला असेल तर त्याचं कौतुक झालंच पाहिजे, खर्च शून्य पण विचार दिसतो. हेही विचारा की हा प्रकाश येतोय कुठून? खिडकी, मोबाइल, उघडा फ्रिज, काहीतरी कारण दिसलं की प्रेक्षक विश्वास ठेवतो.

माणसाची जागा हा माझा सगळ्यात आवडता भाग. पात्र भिंतीला टेकून उभं असेल तर मागून काही येऊच शकत नाही, भीती तिथेच संपली. तेच पात्र थोडं पुढे आणलं, मागे अर्धवट उघडं दार ठेवलं, तर कोणी आलं नाही तरी आपण त्या दाराकडेच बघत राहतो. एका फिल्ममध्ये मी हे पाहिलंय, अख्खा सीन दारात काहीच घडत नाही आणि तरी मी श्वास धरून बसलो होतो. अशी जागा सापडली की त्यावर दोन वाक्यं जास्त लिहा, ती मुलांनी कमावलेली असते.

कपड्यांमध्ये बदल शोधा. दिग्दर्शक हिचकॉकच्या १९६० च्या 'सायको' फिल्ममध्ये नायिका मॅरियन पैसे चोरायच्या आधी पांढऱ्या आतल्या कपड्यांत दिसते आणि पैसे हातात आल्यावर काळ्या, फिल्म ब्लॅक अँड व्हाइट असल्यामुळे ते आणखी ठळक होतं. विद्यार्थ्यांकडून एवढी अपेक्षा नको, पण पात्र बदललं आणि कपडे, केस, काहीच बदललं नाही तर ते जरूर लिहा. अठरा वर्षांच्या मुलाला इन्स्पेक्टर केलंय, शर्ट ढगळ आहे, तर पटत नाही हे स्पष्ट सांगा, फक्त मुलाच्या वयाला नावं ठेवू नका, कपड्याच्या निवडीवर बोला.

वस्तूंचं पटकन बघता येतं: चाकू एकदाच दिसला का आधी साध्या कामाला वापरलेला दाखवला? आधी दाखवला असेल तर नंतर जास्त टोचतो. घड्याळातली वेळ आणि ग्लासमधलं पाणी दोन शॉटमध्ये जुळतंय का तेही बघा, पण ही कंटिन्युइटी, यावर अर्धं पान खर्च करू नका.

लिहिताना 'लायटिंग चांगलं आहे' हे वाक्य कधीच नको. असं लिहा: 'जिन्याच्या सीनमध्ये प्रकाश फक्त खालून येतो, त्यामुळे डोळे खड्ड्यात गेल्यासारखे दिसतात आणि ओळखीचा मित्र परका वाटायला लागतो, पण पुढच्याच शॉटमध्ये ट्यूबलाइट लागलेली दिसते आणि तो परिणाम जातो.' काय दिसतं, काय होतं, कुठे तुटतं, तिन्ही आलं. त्याखाली एक ओळ, काय बदललं असतं तर टिकलं असतं, या सीनपुरतं ट्यूब बंद ठेवून तोच खालचा लाइट दुसऱ्या शॉटलाही वापरायचा. आपलीच फिल्म असेल तरी हीच पद्धत, फक्त शूटच्या दिवशी काय अडचण आली हे पानभर लिहू नका, पडद्यावर जे आलं त्यावरच बोला.