चिंचोक्यांनी शिकवा, वासराला शिंगं का येतात

आपली कोकण कपिला शिंगवाली, पण काही जातींत बिनशिंगी जनुक असतं आणि ते प्रभावी, आईबापापैकी एकाकडून जरी आलं तरी शिंगं येत नाहीत. मुलांना हे नुसतं फळ्यावर सांगू नका, दोन पिशव्या घ्या, एक गाय एक बैल, प्रत्येकीत दोन चिंचोके म्हणजे दोन जनुकं, एक साधा म्हणजे शिंगाचा, एकाला नेलपॉलिश म्हणजे बिनशिंगी. (काजूबी नको, हाताला लगेच कळते.) न बघता दोन्ही पिशव्यांतून एकेक काढायचा, ती जोडी म्हणजे एक वासरू, लिहायचं, परत टाकायचा, निदान 40 वेळा तरी कराच, चारदा काढून 3:1 (तीन बिनशिंगी, एक शिंगवालं) दिसेलच असं नाही मग पोरं हिरमुसतात. दोन्ही साधे आले तरच शिंगं, म्हणजे बिनशिंगी आईबापाला शिंगवालं वासरू कसं होतं ते इथंच कळतं! आणि पाडा की पाडी हे बैलाच्या बीजावर ठरतं, गाईला बोल लावू नये, हेही नक्की सांगा.