जुन्या सी-10 ला डिस्क ब्रेक लावण्याआधी

1963 ते 1966 मधली शेव्हरोले सी-10 पिकअप दारात उभी असली, की ब्रेकचा विषय निघताच सगळे पुढचे ड्रम ब्रेक काढून डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला, म्हणजे रोटरला, दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारे ब्रेक) लावण्याबद्दल बोलायला लागतात. यादीत मात्र सगळ्यात वर मास्टर सिलिंडर लिहा, म्हणजे पेडलचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलून चाकांकडे पाठवणारा भाग. या गाड्यांचा मास्टर एकाच कप्प्याचा, म्हणजे चारही चाकांचा दाब एकाच वाटेने जातो. मागच्या एका व्हील सिलिंडरचं (चाकातले ब्रेक शू ड्रमवर ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरचं) रबर गेलं किंवा गंजलेला पाइप फुटला, की पेडल सरळ फळीला टेकतं आणि भरवसा उरतो पार्किंग ब्रेकचा. कंपनीने 1967 पासून दोन कप्प्यांचा मास्टर देऊन पुढची आणि मागची वाट वेगळी केली. पुढच्या डिस्क कारखान्यातूनच यायला लागल्या त्या 1971 मध्ये. पैसे थोडे असतील तर खर्चाचा क्रमही हाच ठेवा. नव्या चकचकीत डिस्कमागे जुना एकेरी मास्टर ठेवण्यात काही अर्थ नाही.

दुहेरी मास्टर घेताना तो डिस्क-ड्रम जोडीचाच (पुढे डिस्क, मागे ड्रम) आहे याची खात्री करून घ्या. ड्रमच्या मास्टरमध्ये बहुधा साधारण 10 पीएसआय दाब लाइनमध्ये धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. ड्रमला तो चालतो, कारण शू मागे ओढायला स्प्रिंगा असतात. डिस्कला स्प्रिंग नाही. तेवढ्या दाबाने पॅड रोटरला घासत राहतात आणि थोडं अंतर गेल्यावर चाक हात लावू देत नाही.

किट मागवण्याआधी चाकं तपासा. 1970 पर्यंतच्या सी-10 ला सहा बोल्ट आहेत, साडेपाच इंचाच्या वर्तुळावर. 1971 पासून पाच बोल्ट, पाच इंचावर. भंगारातून 1971 नंतरचे स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो दांडा) आणि हब स्वस्तात मिळतात खरे, पण मग पुढे पाच आणि मागे सहा बोल्ट; स्टेपनी दोन ठेवा, नाहीतर मागचे एक्सल शाफ्ट आणि ड्रमही बदला. सहा बोल्टचे डिस्क किट बाजारात आहेत, आणि मला तरी तोच मार्ग बिनडोकेदुखीचा वाटतो. ड्रमच्या काळातली 15 इंची रिम कॅलिपरला (पॅड दाबणाऱ्या पकडीला) अडू शकते. म्हणून विक्रेत्याकडून मापाचा कागद घ्या आणि रिमच्या आत धरून बघा. जुन्या आर्मवर नवे स्पिंडल बसवणार असाल तर बॉल जॉइंट जुळतात का, हेही तेव्हाच विचारा.

आता बूस्टर, म्हणजे इंजिनाच्या व्हॅक्यूमवर पेडलचा जोर वाढवणारा डबा. ड्रमचा शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन स्वतःच त्यावर आणखी घट्ट दाबला जातो, त्यामुळे पायाला कमी जोर लागतो. डिस्कमध्ये ही फुकटची मदत नाही, सगळा जोर पेडलवरूनच यायला हवा. म्हणून बहुतेक जण व्हॅक्यूम बूस्टर लावतात. तो घेण्याआधी मॅनिफोल्डला गेज लावून गाडी आयडलवर किती व्हॅक्यूम देते ते पाहा. पाऱ्याच्या 18 इंचांच्या आसपास असेल तर उत्तम. इंजिनात तिखट कॅम (जास्त ताकदीसाठी व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा) बसवलेला असेल तर आकडा बराच खाली येतो, आणि मग बूस्टर नुसता शोभेला उरतो. बूस्टरचा पुशरॉड आणि मास्टरचा पिस्टन यांत अगदी किंचित मोकळीक हवी. रॉड दाबून बसला तर ब्रेक सुटणारच नाहीत.

पुढच्या-मागच्या ब्रेकमधला दाब जुळवणारा कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह यादीत हवाच. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो, जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी शेपूट फिरवते. फरशा, माती वगैरे भरून नेणाऱ्यांनी मागचा दाब हाताने कमीजास्त करता येणारा व्हॉल्व्ह घ्यावा.

रबरी होज तिन्ही नवे घ्या, वरून कितीही धडधाकट दिसोत. आतून फुगलेला होज दाब जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. पाइप स्टीलचा किंवा कॉपर-निकेलचा, टोकाला डबल फ्लेअर, म्हणजे दुहेरी दुमडून पसरवलेलं तोंड. साधा तांब्याचा पाइप आणि नळाचे कॉम्प्रेशन जोड इथे अजिबात नकोत. नट गोल होऊ नयेत म्हणून फ्लेअर नटचा पाना वेगळा घ्या. ब्रेक ऑइल डॉट 3 किंवा 4 चं, सीलबंद डब्यातलं. सिलिकॉनचं डॉट 5 त्यात मिसळत नाही. बॉनेटवर जुनं कापड टाका, कारण डॉट 3 आणि 4 चं तेल रंग खातं.

ज्या सुट्टीत काम करणार तिच्या आदल्या दिवशी भक्कम घोड्या (गाडी टेकवायचे जॅक स्टँड), मागच्या चाकांना लाकडी ठोकळे, बेरिंगचं ग्रीस आणि नव्या स्प्लिट पिना एका जागी काढून ठेवा. बॉल जॉइंट सोडताना खालच्या आर्मखाली जॅक लावलेलाच हवा. कॉइल स्प्रिंग सुटली तर ती माणूस बघत नाही. जुन्या शूच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा हवेने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. नव्या रोटरवरचा तेलाचा थर ब्रेक क्लीनरने काढा.

कॅलिपर बसवल्यावर ब्लीडरचा (हवा काढायच्या स्क्रूचा) निपल वरच्या बाजूला आहे ना, ते पाहा. डावा-उजवा अदलाबदल झाला तर निपल खाली जातो, वर हवा अडकते आणि कितीही बाटल्या ओतल्या तरी पेडल स्पंजासारखं दबतं. मास्टर गाडीत चढवण्याआधी व्हाइसमध्ये धरून त्याची हवा काढा. मग चाकं: उजवं मागचं, डावं मागचं, उजवं पुढचं, डावं पुढचं. पेडल मारायला एक माणूस आधीच सांगून ठेवा, आणि तो तुमच्या आवाजावर पाय उचलेल, मनाने नाही, असा निवडा. पेडल घट्ट लागल्यावर इंजिन चालू करून थोडा वेळ दाबून धरा आणि प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून बघा. कागद कोरडा निघाला तरच गाडी घोड्यांवरून उतरवा, आणि पहिले ब्रेक अंगणातच, चालण्याच्या वेगात मारा. नवे पॅड रोटरवर घासून सरावण्याची (बेडिंगची) पद्धत पॅडच्या खोक्यावर छापलेली असते; ते खोकं तोवर टाकू नका.