काचबिंदू आणि झाडपाला: केशर, गरमर, धोतरा यांचं काय करायचं

काचबिंदूत बहुतेकदा डोळ्यातल्या दाबाने दृष्टीची नस झिजते. झाडपाल्याने तो दाब उतरतो का, हे बघण्याआधी आकडा हातात हवा. डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ मिमी पारा असतो, पण काचबिंदू झालेल्याला डॉक्टर त्याच्यापुरतं वेगळं लक्ष्य ठरवून देतात. एखाद्याला १८ चालतो, एखाद्याची नस १४ वरही झिजत राहते. पुढच्या भेटीत तीन गोष्टी विचारा आणि वहीत लिहा: दोन्ही डोळ्यांचा दाब, तो मोजल्याची वेळ आणि डोळ्याच्या आतलं पाणी जिथून निचरतं तो कोन उघडा आहे की अरुंद. दाब दिवसभरात वरखाली होतो, बऱ्याच जणांचा सकाळी चढा असतो. गेल्या वेळी सकाळी नऊला २२ आणि या वेळी संध्याकाळी सहाला १९ भरला, तर ते श्रेय काढ्याचं नाही, घड्याळाचं असू शकतं.

चालू थेंब बंद करून कुठलीही वनस्पती सुरू करायची नाही. काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही, आधी कडेची नजर जाते आणि गेलेली नजर परत येत नाही. ठाणे स्टेशनच्या पुलावर बाजूने येणारी माणसं वारंवार धडकायला लागली की चूक कळते, तेव्हा उशीर झालेला असतो.

डोळ्यांच्या डॉक्टरांना वनस्पतींचं वावडं आहे, असं मात्र नाही. पायलोकार्पिन हे जुनं औषध जाबोरँडी नावाच्या दक्षिण अमेरिकी झुडपाच्या पानांतून १८७५ मध्ये वेगळं केलं गेलं आणि काही रुग्णांत आजही वापरतात. दुसरं उदाहरण तर आपल्या शेजारचं. गरमर म्हणजे जिच्या मुळांचं लोणचं घालतात ती वनस्पती. तिच्या मुळातलं फोर्सकोलिन हे द्रव्य १९७० च्या दशकात हेक्स्ट या औषध कंपनीच्या मुलुंडच्या संशोधन केंद्रात शोधलं गेलं. डोळ्याच्या आत सतत तयार होणारं पाणी ते कमी करतं. त्याच्या १ टक्का थेंबांनी दाब उतरतो, हे १९८३ मध्येच दिसलं होतं. पण तो परिणाम शुद्ध, निर्जंतुक थेंबांचा. गुजराती शेजाऱ्यांकडून आलेलं गरमरचं लोणचं चवीला खा, त्यातून डोळ्यापर्यंत औषध पोचत नाही. वजन उतरवायच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या फोर्सकोलिनच्या कॅप्सूल डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. त्यांनी रक्तदाब उतरू शकतो, आणि रात्री रक्तदाब फार खाली गेला की दृष्टीच्या नसेचा रक्तपुरवठाच घटतो.

घरात करून बघण्यासारखं एक केशर. २०१४ च्या एका छोट्या चाचणीत थेंब चालू असलेल्या ३४ रुग्णांपैकी काहींना महिनाभर रोज ३० मिलिग्रॅम केशराचा अर्क दिला. त्यांचा सरासरी दाब १२.९ वरून १०.६ वर आला. मोजणीतच एक-दोन मिमीचा फरक पडू शकतो, म्हणून या आकड्यावर हुरळून जाऊ नका. करायचंच तर डॉक्टरांना सांगून, असं करा: केशराची एक सुटी काडी साधारण २ मिलिग्रॅम भरते, म्हणजे रोज १४-१५ काड्या. अर्धी वाटी कोमट पाण्यात वीसेक मिनिटं भिजवून काड्यांसकट प्या. एक ग्रॅमची डबी महिनाभर पुरते. वाशीच्या मसाला मार्केटमधून आणा किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातून, पहिल्या दिवशी दोन काड्या गार पाण्यात टाकून बघा. अस्सल केशर सावकाश पिवळा रंग सोडतं आणि काडी लालच राहते. पाणी लगेच लाल झालं आणि काडी पांढरी पडली, तर तो नुसता रंग आहे. गरोदरपणात हा प्रयोग नको. महिन्याने त्याच वेळेला, शक्यतो त्याच यंत्रावर दाब मोजून घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

जिन्कगो या चिनी झाडाच्या पानांच्या अर्काने दाब उतरतो याला भक्कम पुरावा नाही. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिन अशी रक्त पातळ ठेवणारी औषधं घेणाऱ्यांना त्याने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. भांगेने दाब खरोखर उतरतो, पण तीन-चार तासच. दिवसभर तर्र राहायची तयारी असेल तरच तो उपाय!

डोळ्यात घरचं काही घालू नका. मध, कांद्याचा रस, आल्याचा रस, गुलाबपाणी, सगळं त्यात आलं. यातलं काहीच निर्जंतुक नसतं, बुबुळावर जखम झाली की दाबाचा प्रश्न बाजूलाच राहतो. डोळ्याचा दाब उतरवणाऱ्या ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या चालू असतील तर ज्येष्ठमधाचे काढे टाळा, दोन्हींनी शरीरातलं पोटॅशियम घटतं. धोतऱ्याकडे विशेष लक्ष द्या. महाशिवरात्रीला ठाण्याच्या कौपिनेश्वर मंदिरात वाहायला फुलं-फळं हाताळली आणि तेच हात डोळ्याला लागले, तर बाहुली मोठी होते. अरुंद कोनाच्या डोळ्यात त्यानेच दाब एकदम चढू शकतो. साबणाने हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नका.

काही सवयी केशराहून मोठा फरक पाडतात. उठल्याबरोबर लिटरभर पाणी गटागटा प्यायल्याने दाब चढतो, म्हणून ते दिवसभरात वाटून प्या. शीर्षासनात दाब जवळपास दुप्पट होतो, ते बंदच ठेवा. तलावपाळीभोवती झपझप चालणं मात्र चालू द्या. थेंब एकच घाला, डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा, आणि दुसरं औषध पाच मिनिटांनी. बाटली उघडली त्या दिवसाची तारीख मार्करने तिच्यावर लिहा. बहुतेक थेंब चार आठवड्यांनी टाकून द्यायचे असतात.

आणि कधी घोडबंदर रोडच्या दिव्यांभोवती रंगीत कडी दिसायला लागली, डोळा लाल होऊन कपाळ ठणकलं, उलटी झाली, तर काढा नको आणि सकाळची वाटही नको. त्याच रात्री डोळ्यांची तातडीची सोय असलेलं रुग्णालय गाठा. वही आणि चालू औषधं सोबत घ्या. केशर, कॅप्सूल, काढे जे काही पोटात गेलं असेल तेही तिथल्या डॉक्टरांना सांगा.